पाच वारांचं कॉलेज

जयतीर्थ हे नाव त्याच्या आईनं मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, पण धारवाडात ते फारसं कुणी वापरलं नाही. ज्या घरी तो सोमवारी जेवायला जाई त्या घरी त्याला सोमवार म्हणत, ज्या घरी मंगळवारी जाई त्या घरी मंगळवार. "अव्वा, गुरुवार आला, पाट मांड!" असं पांडुरंगराव वकिलांची धाकटी मुलगी ओसरीवरून आईला ओरडून सांगे आणि उंच, हाडकुळा, जरा पुढे वाकलेला असा हा गुरुवार पाय धुऊन, खाली मान घालून आत शिरे. एकाला सात-सात नावं असणं देवांना शोभतं. जयतीर्थाच्या खांद्यांवर तर एक उपरणंही धड टिकत नसे.

ही गोष्ट एकोणीसशे चौतीस-पस्तीसची. धारवाडात शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मणाच्या मुलाला तेव्हा वार लावून जेवावं लागे. सात घरं गाठायची आणि प्रत्येक घरी आठवड्यातून एक दिवस जेवायचं. बदल्यात काही द्यायचं नसे. फक्त विहिरीचं पाणी भरायचं, पूजेची फुलं आणायची, धाकट्यांचे पाढे घ्यायचे, सणासुदीला पंगतीत वाढायचं, आणि घरातली पुरुषमंडळी जेवून उठेपर्यंत आपल्याला भूक कशी ती ठाऊकच नाही असा चेहरा करून माजघराच्या खांबाला टेकून उभं राहायचं. पुण्य आणि पाणी एकाच मुलाकडून भरून घेण्याची इतकी चोख सोय दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. आणि यात कुणी दुष्ट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. माळमड्डी या वस्तीतली ही सगळी अत्यंत सज्जन, सोवळी, दानशूर माणसं होती. म्हणून तर पुढचं सगळं इतकं सुरळीत होऊ शकलं.

जयतीर्थ कलघटगीचा. वडील तो रांगत असतानाच गेले. आई गोदूबाई तिथल्या एका सावकाराघरी सोवळ्यातला स्वयंपाक करी. मुलगा इंग्रजी शाळेच्या वयाचा झाला तशी तिनं त्याला धारवाडात आणून मठात बाळाचार्यांच्या पायांवर घातलं, सात घरांच्या उंबऱ्यांवर डोकं टेकवलं आणि ती परत गेली. तेव्हापासून मॅट्रिकपर्यंत जयतीर्थ वारांवर वाढला. डोळे बांधून कुणी त्याच्यापुढे साराची वाटी धरली असती तर त्यानं नुसत्या वासावरून वार सांगितला असता. पातळ आणि चिंच जास्त म्हणजे बुधवार. हिंग भरपूर, डाळ नावाला, म्हणजे सोमवार, बाळाचार्यांच्या मठातलं.

या मुलाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. लहानपणी आई कुंकू करताना हळदीत चुना कालवी आणि पिवळी हळद बघता बघता लाल होई. का होते, असं त्यानं आईला विचारलं. आई म्हणाली, देवाची करणी. हायस्कुलातल्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "त्याला कारण आहे. कॉलेजात सायन्स घे, म्हणजे कळेल." मास्तरांनी हे सुटका करून घेण्यासाठी म्हटलं होतं. जयतीर्थानं ते शब्दशः घेतलं. गरिबांच्या मुलांना ही एक वाईट खोड असते.

मॅट्रिकला तो पहिल्या वर्गात आला. टेकडीवरच्या सरकारी कॉलेजात सायन्सला नादारी मिळाली, म्हणजे फी माफ. तिथे काचेच्या नळ्या होत्या, ज्योती होत्या, बाटल्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या होत्या. आता हळदीपर्यंत पोचायला फक्त चार वर्षं जेवायचं होतं.

मंगळवारचं घर दत्तोपंत शिरस्तेदारांचं. कलेक्टर कचेरीत त्यांचा दबदबा इतका, की घरातलं मांजरही त्यांच्यापुढे अर्ज केल्यासारखं बसे. बातमी ऐकून ते प्रसन्न झाले.

"सरकारचं मीठ खाणाऱ्या घरी जेवायचं आणि सरकारच्याच कॉलेजात शिकायचं. वा! कसं शिस्तीत बसतं. शिक, शिक. पण आधी विहिरीवरच्या दोन घागरी राहिल्यात तेवढ्या आण."

जयतीर्थानं त्या दिवशी आनंदानं चार आणल्या.

घोटाळा गुरुवारी झाला. पांडुरंगराव वकील हे देशभक्त गृहस्थ. कोर्टात काळा कोट, बाहेर पांढरी टोपी, आणि घरात पंचा, अशा तिन्ही वेषांत ते भाषणच करत. त्याच वर्षी त्यांनी चार वकील मित्रांना हाताशी धरून गावात खाजगी कॉलेज काढलं होतं. नाव 'स्वावलंबन कॉलेज'. जागा एका व्यापाऱ्यानं दान दिलेली, लाइन बाजारामागचं शेंगांचं जुनं गोदाम. सायन्स नव्हतं, नुसतं आर्ट्स, आणि तेही पहिलंच वर्ष. मुंबईहून युनिव्हर्सिटीची कमिटी येऊन बघणार आणि पसंत पडलं तर पुढची मान्यता देणार, असा मामला. कॉलेजात सगळं होतं, म्हणजे प्रिन्सिपॉल होते, घंटा होती, ध्येय होतं. विद्यार्थी तेवढे कमी पडत होते.

"जयतीर्था," पांडुरंगराव म्हणाले, आणि गुरुवारऐवजी नावानं हाक मारली गेल्याबरोबर जयतीर्थ घाबरला. "तू आमच्या कॉलेजचा पहिला विद्यार्थी. रोल नंबर एक! फी नाही, काही नाही."

"अण्णा, मला सरकारी कॉलेजात नादारी मिळालीय. सायन्सला."

"गुलामगिरी फुकट मिळाली म्हणून घ्यायची?"

"तसं नाही अण्णा. ते हळदीचं..."

"कसलं हळदीचं?"

जयतीर्थानं सांगितलं. पांडुरंगराव स्वयंपाकघराकडे वळले. "अगं ऐकलंस का? हळदीला चुना लावला की लाल का होते ते याला शिकायचंय."

"होते ना लाल?" आतून वेणूबाई म्हणाल्या. "मग झालं तर. त्यात शिकायचं काय?"

"ऐक. या घरात कुणावर सक्ती नसते," पांडुरंगराव पुढे म्हणाले, आणि त्यांचा आवाज फार मऊ झाला. कोर्टात हा आवाज ऐकला की विरुद्ध बाजूचे साक्षीदार पाणी मागत. "तू खुशाल परक्यांच्या कॉलेजात जा. फक्त एवढंच, की मग गुरुवारी तुला आमच्याकडचा घास गोड लागणार नाही. आम्ही वाढू रे. तुलाच लागणार नाही, म्हणून म्हणतो. आणि शुक्रवार-शनिवारची मंडळी आमच्याच कॉलेजची. बाळाचार्यांचा मठ माझ्या देखरेखीखाली. म्हणजे त्यांनाही तुझ्यासाठी वाईट वाटणारच."

इतक्यात प्रल्हाद, वकिलांचा थोरला, नवा कोट घालून बाहेर आला आणि आरशात बघू लागला. वेणूबाई कौतुकानं म्हणाल्या, "खांद्यात बरोबर बसलाय हो. सरकारी कॉलेजात असा बंद गळ्याचाच लागतो म्हणे."

जयतीर्थ चाचरला. "प्रल्हाद... तिकडे जाणार?"

"त्याला डॉक्टर व्हायचंय," पांडुरंगराव म्हणाले, जराही न अडखळता. "डॉक्टरीला सायन्स लागतं. त्याचा तो व्यवहार आहे. तुझं तत्त्व आहे."

माळमड्डीत बातमीला वाऱ्याची गरज लागत नसे, विहिरी पुरत. पुढच्या मंगळवारी जयतीर्थ पाटावर बसायच्या आत दत्तोपंतांनी त्याला ओसरीवर उभं केलं.

"त्या टोपीवाल्यांच्या गोदामात जाणार आहेस असं ऐकलं."

"अजून ठरलं नाही, दादा."

"ठरव. माझ्या घरी जेवलेला मुलगा तिकडे गेला तर उद्या कलेक्टरसाहेबाला मी तोंड कसं दाखवू? साहेब विचारतो."

दत्तोपंतांच्या घरी कोण जेवतं हे सोडाच, दत्तोपंत जेवतात की नाही हेही साहेबाला ठाऊक नव्हतं. पण हे सांगायला जयतीर्थ म्हणजे काही जिवावर उदार झालेला माणूस नव्हता. बुधवारचं घर दत्तोपंतांच्याच हाताखालच्या कारकुनाचं. त्यांनी काही बोलायचं कारणच नव्हतं. त्यांनी नुसतं मंगळवारच्या घराकडे बघितलं आणि मान हलवली.

राहिला रविवार. तो अंबूताईंचा. अंबूताई म्हणजे दोन खोल्यांत एकटी राहणारी म्हातारी विधवा. तिच्याकडे जयतीर्थाला पहिल्या पंगतीत जेवायला मिळे, कारण दुसरी पंगतच नसे. ती वाढताना शिव्या देई आणि शिव्या देताना तूप जास्त पडे.

"सरकारीत जा, मुडद्या! उपाशी मर, पण ते तुझं हळदीचं शिकून घे. ही कायदेवाली माणसं तुला कशाला विचारतायत? कमिटीला डोकी मोजून दाखवायला!"

"मग सोमवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी तुमच्याकडे येऊ, अंबूताई?"

अंबूताईंचा हात तुपाच्या वाटीवर थांबला. "मला एक वार झेपतो रे. सल्ला मात्र साती वार देईन, तो लागेल तेवढा ने."

शेवटी तो चालत कलघटगीला गेला, आईला विचारायला. गोदूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. आर्ट्स-सायन्सचा फरक त्यानं सांगितला, तो तिनं तोंडावरची माशी हाकलावी तसा हाकलला. तिला एकच कळायचं होतं.

"कुठल्या कॉलेजाकडे किती वार?"

"सरकारीकडे मंगळवार, बुधवार. वकिलांकडे चार. रविवार अंबूताईंचा, तो कुठेही गेलो तरी आहेच."

गोदूबाईनं बोटं मोजली. एका हाताची पाच झाली. दुसऱ्या हाताची तीन.

"पाचवालं घे."

"अव्वा, तिथे सायन्स नाही."

"जयू, दोन दिवस उपाशी राहणारं पोर मी सहन करीन. चार दिवस उपाशी राहणारं मला बघवणार नाही. शिकून मोठा झालास की जेवशील, खरं आहे. पण तोवर राहिलास तर पाहिजेस ना?"

तो धारवाडला परतला. सरकारी कॉलेजातली जागा त्यानं सोडली. ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला मिळाली.

स्वावलंबन कॉलेजात रोल नंबर एक जयतीर्थ. रोल नंबर दोन कोण असावा? गुंडू. दत्तोपंत शिरस्तेदारांचा एकुलता एक गुंडू. मॅट्रिकची परीक्षा त्यानं इतक्या वेळा दिली होती की परीक्षकच शेवटी कंटाळले. त्याला सरकारी कॉलेजानं दारातूनच परत पाठवलं, आणि दत्तोपंतांनी कलेक्टरसाहेबाची भीती बाजूला ठेवून त्याला गोदामात आणून बसवलं. जयतीर्थाचा मंगळवार मात्र तुटला तो तुटलाच. "गुंडूचा नाइलाज आहे," दत्तोपंत म्हणाले, "तू समजून उमजून गेलास."

गुंडू मनाचा वाईट नव्हता. बाकावर शेजारी बसे आणि दर मंगळवारी जयतीर्थाला घरची खबर देई.

"आज कटाची आमटी होती बघ. आई म्हणाली, मंगळवार असता तर दोनदा मागून घेतली असती."

"हं."

"तुझी आठवण काढतात रे घरी. बरं, ते इंग्रजीचं उत्तर जरा लिहून दे की."

मंगळवार-बुधवार जयतीर्थ पाण्यावर काढी. पण गोदामाच्या फरशीच्या फटींत जुन्या शेंगांचे दाणे अडकलेले असत. तास सुटला की तो खाली वाकून, पेन्सिल शोधल्यासारखं करून, एकेक दाणा नखानं उकरून काढी. कॉलेजच्या नावातलं ध्येय संपूर्ण कॉलेजात त्यानं एकट्यानंच अमलात आणलं. रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं की धारवाडच्या रीतीप्रमाणे विचारी, "ऊटा आतेनो?" म्हणजे जेवण झालं का रे. जयतीर्थ म्हणे, "आत री," झालं हो. मंगळवारी तो हे जरा जोरात म्हणे.

आणि मग कमिटी आली. एक गोरा प्रोफेसर आणि एक मुंबईकर गृहस्थ. कॉलेजात लगीनघाई उडाली. लायब्ररी दिसावी म्हणून चारी वकिलांच्या घरचे कायद्याचे जाडजूड ग्रंथ आणून कपाटांत लावले. जयतीर्थाला प्रल्हादचा जुना कोट दिला आणि पुढच्या बाकावर बसवलं.

गोरा साहेब वर्गात आला. खुर्चीवर न बसता टेबलाला टेकला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही मुलं इथे का येता? पाठ केलेलं नको. खरं सांगा."

गुंडू आढ्याकडे बघू लागला. मागचे बाक खाली बघू लागले. प्रिन्सिपॉलांनी डोळ्यांनी केलेल्या खुणा कुणाला कळेनात. तेव्हा जयतीर्थ उठला आणि सावकाश, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा, इंग्रजीत म्हणाला, "सर, हळदीला चुना लावला की ती लाल का होते, ते मला जाणून घ्यायचंय. ते इथे शिकवत नाहीत. पण ते ज्या पुस्तकात आहे ते इंग्रजीत आहे. म्हणून मी आधी इंग्रजी शिकतोय."

साहेब टेबल सोडून ताठ उभा राहिला. मग खदखदून हसला, पुढे आला आणि त्यानं चक्क हात मिळवला. नाव विचारलं. कितीतरी दिवसांनी जयतीर्थानं आपलं पूर्ण नाव उच्चारलं, गावासकट. साहेबानं मुंबईकराला हळूच म्हटलं, "हा एक मुलगा असेल तरी कॉलेज चालायला हरकत नाही." पांडुरंगरावांनी ते ऐकलं आणि त्यांची टोपी आनंदानं तिरकी झाली. मान्यता हातात आल्यात जमा होती.

मग जेवणाची वेळ झाली.

गोदामाच्या मागच्या पडवीत केळीची पानं मांडली होती. पुरणाची होळिगे, चित्रान्न, दोन भाज्या, सार. आता पंगत म्हटली की वाढायला कोण? हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण धारवाडात तो प्रश्नच नव्हता. वार लावलेला मुलगा हजर असताना वाढायला दुसरं कोण असतं? वेणूबाईंनी नेहमीसारखी हाक मारली, "गुरुवार, सार घे." जयतीर्थानं नेहमीसारखा कोट काढला, ओला पंचा नेसला, उघड्या अंगानं साराची बादली उचलली आणि तो पंगतीत शिरला.

साहेबाच्या पानापाशी तो वाकला. साहेबानं वर पाहिलं. चेहरा ओळखीचा वाटला, पण नक्की खात्री होईना.

"सकाळचा मुलगा तो हाच का?"

"तोच, साहेब, तोच!" पांडुरंगराव अभिमानानं म्हणाले. आपल्या दानधर्माची ओळख करून द्यायची ही संधी त्यांनी कशी सोडावी? "ही इज अवर थर्सडे!"

बाळाचार्य जरा पलीकडे, सोवळं राखून बसले होते. पुण्याच्या वाटणीत मठ मागे पडतोय असं पाहून त्यांनी आपलं सगळं इंग्रजी एकदम खर्च केलं. "मंडे आल्सो!"

साहेब जेवायचा थांबला. मुंबईकर गृहस्थांनी मराठीत विचारलं, "म्हणजे हा तुमच्याकडे स्वयंपाकाला आहे?"

"छे छे, स्वयंपाकाला नाही," पांडुरंगराव हसत म्हणाले. "पाणी भरायला आणि वाढायला. आमच्या चार घरी जातो."

साहेबानं होळिगेला पुन्हा हात लावला नाही. सकाळी ज्या हातानं जयतीर्थाचा हात हातात घेतला होता तो त्यानं रुमालाला पुसला. जयतीर्थाला ते दिसलं. पण बादली हातात होती, आणि पुढच्या पानावरून "सार, सार" अशी हाक येत होती.

थोड्याच दिवसांत मुंबईहून निकाल आला. मान्यता नाही. कमिटीचं म्हणणं असं, की संस्थेनं घरच्या नोकराला उत्तर पढवून पुढच्या बाकावर बसवलं होतं, तेव्हा बाकीच्या विद्यार्थ्यांपैकी खरे किती याची खात्री देता येत नाही.

माळमड्डी थक्क झाली. नोकर! हा शब्द जयतीर्थाला कुणी कधी लावलाच नव्हता. "नोकराला पगार असतो!" पांडुरंगराव दिवाणखान्यात गरजले. "आम्ही याला कधी एक पै तरी दिली का?" हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे, छातीवर हात ठेवून विचारलं, आणि जमलेल्या सगळ्यांनी कधीच नाही म्हणून ग्वाही दिली.

मग सगळ्यांच्या नजरा खांबाला टेकून उभ्या असलेल्या मुलाकडे वळल्या.

"तुला वाढायला जायला कुणी सांगितलं होतं?"

"वेणूबाईंनी हाक मारली, अण्णा."

"हाक मारली, पण तुला अक्कल नको? कॉलेजचा विद्यार्थी ना तू? रोल नंबर एक! कमिटीसमोर बादली घेऊन नाचायचं?"

"आणि तोंड वर करून सांगतो," एक वकील म्हणाले, "सायन्स इथे शिकवत नाहीत म्हणे. तिथेच कॉलेज बुडालं."

गोदामाला कुलूप लागलं. कायद्याचे ग्रंथ आपापल्या घरी परत गेले. पुढच्या गुरुवारी जयतीर्थ नेहमीप्रमाणे पाय धुऊन ओसरीवर आला, तर पांडुरंगराव झोपाळ्यावर बसले होते. ते रागात नव्हते. राग केव्हाच ओसरला होता. ते नुसते शास्त्र सांगत होते.

"हे बघ, वार असतो विद्यार्थ्याला. विद्यार्थ्याला घातलेलं अन्न म्हणजे विद्यादान. आता कॉलेजच नाही, म्हणजे तू विद्यार्थी नाहीस. विद्यार्थी नसलेल्या धडधाकट माणसाला बसवून जेवू घातलं तर ते आळसाला उत्तेजन होईल. पाप तुलाच लागेल. विचार, बाळाचार्यांना विचार."

बाळाचार्यांनी पोथी न उघडताच हे खरं असल्याचं सांगितलं. शुक्रवार-शनिवारनं दार उघडायचीही तसदी घेतली नाही.

तो मंगळवारच्या घरी गेला. दत्तोपंतांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता सरकार आठवलं होय? अरे, आमचा मंगळवार केव्हाच भरला. नवा मंगळवार मोठा गुणी आहे. तीन घागरी एका खेपेत आणतो." गुंडूला त्यांनी कचेरीत चिकटवून दिलं होतं. गुंडू आतून बाहेर आला, "ऊटा आतेनो?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता पान लावत बसला.

सरकारी कॉलेजात जाऊन त्यानं चौकशी केली. तिथे उत्तर मिळालं, की वर्ष वाया गेलं, आता जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून, आणि नादारी मिळेल असं सांगता येत नाही. जून लांब होता. रविवार आठवड्यातून एकदाच येत होता.

अंबूताईंनीच मार्ग काढला. टेकडीच्या पायथ्याशी सरकारी कॉलेजच्या मुलांची मेस होती. तिथला आचारी अंबूताईंच्या नात्यातला. "जूनपर्यंत वाढायला राहा," ती म्हणाली, आणि एवढ्यावर न थांबता, "मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीस, मुडद्या," असंही म्हणाली. पण त्या दिवशी तूप दुप्पट पडलं.

जून आला. जून गेला. जयतीर्थ मेसमध्येच राहिला. इतकं चांगलं वाढणारं माणूस आचाऱ्याला पुन्हा मिळालं नसतं, आणि पोट भरलेल्या माणसाला उठवणं हे पोट रिकामं असलेल्या माणसाला उठवण्यापेक्षा अवघड असतं. मेसच्या खिडकीतून कॉलेजची प्रयोगशाळा दिसे. कधी कधी तिथून सडक्या अंड्यासारखा वास येई. आचारी सोवळं बाटलं म्हणून ओरडत पाणी शिंपडी. जयतीर्थ मात्र बादली खाली ठेवून तो वास छातीभर घेई. त्याच्या वाट्याला आलेलं सायन्स तेवढंच.

टेकडीपासून घर लांब पडे म्हणून प्रल्हादही दुपारी इथेच, पहिल्या पंगतीत बसे. "ए गुरुवार, सार आण रे!" त्याच्यामुळे सगळी मेस त्याला गुरुवार म्हणू लागली, रविवारीसुद्धा. सात नावांवरून एका नावावर येणं ही प्रगतीच म्हणायची. एकदा पंगत विरळ असताना जयतीर्थानं वाकून हळूच विचारलं.

"प्रल्हाद, हळदीला चुना लागला की ती लाल का होते, ते आलं का तुमच्या पुस्तकात?"

प्रल्हादनं तोंडातला घास संपवला. तो आठवायचा प्रयत्न करत होता, हे कबूल केलं पाहिजे. "होतं वाटतं काहीतरी. परीक्षेला नाही ते. लोणचं वाढ."

इकडे कलघटगीत धारवाडहून येणाऱ्या गाडीवानानं गोदूबाईला सांगितलं, "तुमचा जयू आता सरकारी कॉलेजात आहे. मी डोळ्यांनी बघितला." गोदूबाईनं सावकारणीला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, बाजारात भाजीवालीला न विचारता सांगितलं. आणि मग तिनं वार मोजले. सरकारी कॉलेज म्हणजे वकिलांचे वार तुटले. म्हणजे पोर चार दिवस उपाशी! तिनं ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, शेंगांची चटणी कुटली, फडक्यात बांधली आणि एका सोमवारी ती धारवाडला येऊन टेकडीच्या पायथ्याशी उभी राहिली.

मेसच्या मागच्या दारातून तिला पंगत दिसली. कोटातली मुलं पाटांवर बसली होती आणि ओला पंचा नेसून, साराची बादली घेऊन, तिचा जयू वाकत वाकत पुढे सरकत होता. ती दारातच थांबली. जयतीर्थानं तिला पाहिलं. त्यानं पंगत पुरी केली, बादली ठेवली, हात धुतले आणि बाहेर आला. काय सांगायचं ते त्यानं कितीतरी महिने मनात जुळवून ठेवलं होतं. पण आता तो पंच्याला हात पुसू लागला.

गोदूबाई त्याच्याकडे बघत राहिली. दंड चाचपून पाहिले. ते भरलेले होते. गालावरचे खड्डे बुजले होते. हातातलं भाकरीचं फडकं तिनं एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतलं.

"आज सोमवार," ती म्हणाली. "आज जेवलास?"

"जेवीन की. पंगत उठली की."

"उद्या?"

"उद्याही."

"गुरुवारी? शनिवारी?"

"रोज, अव्वा. साती दिवस."

गोदूबाईनं आत पाहिलं, वाफाळणाऱ्या भाताच्या हंड्याकडे, पाटांवरच्या मुलांकडे, भिंतीशी उलट्या घातलेल्या बादल्यांकडे. एकेक बोट दुमडत तिनं पुन्हा मोजलं आणि एका हाताची बोटं पुरेनात म्हणून दुसरा हात लावला. मग तिचा चेहरा इतका उजळला की जयतीर्थाला खाली बघावं लागलं.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "मग हेच कॉलेज पहिल्यापासून का नाही घेतलंस?"